बंद टेम्पोच्या भिंतींना लॅशिंग ट्रॅक कसा बसवायचा

घरसामान, मांडवाचं आणि साउंडचं साहित्य, मोटरसायकली किंवा छोटी यंत्रं वाहायला बंद बॉडीचा टेम्पो घेतला की लवकरच एक अडचण समोर येते. हौद्यात पट्टा अडकवायला जागाच नसते. उघड्या गाडीला बाहेरून हूक असतात, फाळक्याला कड्या असतात. बंद बॉडी मात्र आतून सरळसोट पत्रा नाहीतर प्लायवूड. मग माल एकमेकांना टेकवून, फटीत गाद्या आणि गोणपाट कोंबून गाडी काढली जाते. घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट लागतो, मुंब्रा बायपासला उतार आणि वळण एकदम येतं, ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढची गाडी अचानक थांबते. अशा वेळी कोंबलेली गादी फ्रिज थांबवू शकत नाही.

यावर पक्का उपाय म्हणजे भिंतींवर लॅशिंग ट्रॅक, म्हणजे पट्ट्याचं हूक अडकवायला ओळीने खाचा असलेली धातूची पट्टी, बसवणं. काम अवघड नाही. ड्रिल मशीन नीट धरता येणारी दोन माणसं एका दिवसात चौदा फुटी बॉडी पूर्ण करू शकतात. पण हे काम चुकीचं केलं तर ते न केल्यापेक्षा धोक्याचं ठरतं, कारण माल बांधलाय या भरवशावर ड्रायव्हर गाडी मोकळेपणाने हाकतो आणि ट्रॅक स्क्रूसकट भिंतीतून उपटून येतो. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा: भार पत्रा घेत नाही, पत्र्यामागचा उभा पाइप घेतो. या लेखातली बाकीची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

कोणता ट्रॅक घ्यायचा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला ई-ट्रॅक. ही दाबून आकार दिलेली पोलादी पट्टी असते, साधारण १२ गेजची, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास जाड. तिच्यावर ओळीने आयताकृती खाचा असतात. पट्ट्याच्या टोकाला असलेलं स्प्रिंगचं हूक खाचेत दाबलं की आत जाऊन अडकतं, आणि खटका ओढल्याशिवाय सुटत नाही. आडवा आणि उभा असे याचे दोन आकार येतात. आडवा रुंद असतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना स्क्रूची भोकं असतात. उभा अरुंद असतो. दुसरा प्रकार एल-ट्रॅक. हा अॅल्युमिनियमचा, विमानात खुर्च्या जमिनीला बसवतात त्या पद्धतीचा. त्यात दर इंचावर गोल भोक असतं. दिसायला सुबक, जागा कमी खातो, पण महाग आहे, आणि त्याच्या खोबणीत धूळ-माती अडकली की हूक बसेना होतं. आपल्याकडच्या कामाला, हमालांच्या हाताखाली रोज वापरायला, मी आडवा ई-ट्रॅकच सांगेन.

ट्रॅक जस्त चढवलेला घ्या. नुसत्या रंगाचा घेऊ नका. हूक अडकवताना-काढताना खाचेच्या कडेचा रंग पहिल्या महिन्यातच निघतो आणि खाडीकाठच्या दमट, खारट हवेत तिथूनच गंज धरतो. ठाणे काय, ऐरोली-वाशी-बेलापूर काय, गाडी रात्री उभी राहते ती खाडीच्या वाऱ्यातच.

ट्रॅकवर, हूकवर आणि पट्ट्यावर त्याची भारक्षमता लिहिलेली असते. आयात केलेल्या मालावर ती बहुधा पाउंडात असते. १००० पाउंड म्हणजे साधारण ४५४ किलो. दोन आकडे लिहिले असतील तर मोठा आकडा तुटण्याचा असतो आणि लहान आकडा कामाचा. कामाचा आकडा सहसा तुटण्याच्या एक तृतीयांश धरतात. दुकानदार मोठा आकडा सांगतो, तुम्ही लहान बघा. आणि ट्रॅक, हूक, पट्टा या तिघांत ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच तुमचा आकडा.

लांबी बहुधा पाच आणि दहा फुटांत मिळते. चौदा फुटी हौद्याला एका ओळीसाठी दहाची एक पट्टी आणि चार फुटांचा तुकडा लागतो. दोन्ही भिंतींवर दोन-दोन ओळी धरल्या तर एकूण छप्पन्न फूट, म्हणजे सतरा मीटर. वजन मीटरला साधारण अडीच किलो पकडा. चाळीस-पंचेचाळीस किलो गाडीच्या अंगावर कायमचे चढतात. ते तुमच्या मालाच्या वजनातून वजा करायचे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, त्यामुळे काठावर भरणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा.

भिंतीत काय आहे ते आधी शोधा

या पायरीला घाई करू नका. पट्टी भिंतीला धरून दिसेल तिथे स्क्रू मारत जाणं सोपं वाटतं, आणि पुढे उपटून आलेले बहुतेक ट्रॅक असेच बसवलेले असतात.

बंद बॉडीची भिंत म्हणजे चौकोनी पाइपांचा किंवा चॅनलचा सांगाडा, त्याला बाहेरून पत्रा, आणि बऱ्याचदा आतून प्लायवूड किंवा दुसरा पत्रा. बाहेरचा पत्रा मिलिमीटरभर जाड. त्यात मारलेला स्क्रू हाताने पिळला तरी फिरतो. प्लायवूड नऊ-बारा मिलिमीटरचा असला तरी पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि स्क्रूचं भोक सैल होतं. खरा आधार फक्त उभ्या पाइपांचा.

हे पाइप किती अंतरावर आहेत? अमेरिकेत बनणाऱ्या बंद ट्रेलरमध्ये ते सहसा १६ किंवा २४ इंचांवर असतात. आपल्याकडे तसं धरून चालू नका. तळोजा, रबाळे, भिवंडी इथल्या बॉडी बांधणाऱ्यांत प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकाच भिंतीत पुढचं अंतर वेगळं आणि मागचं वेगळं सापडतं. बाजूला दार असेल तर त्याच्या आजूबाजूला जादा पाइप असतात.

शोधायचं असं. आधी बाहेरून गाडीची भिंत बघा. रिव्हेटच्या उभ्या रांगा दिसतील. जिथे रांग तिथे पाइप. टेपने गाडीच्या पुढच्या कडेपासून प्रत्येक रांगेचं अंतर मोजून कागदावर लिहा. मग आत जाऊन तीच अंतरं मोजा, पण आधी भिंतीची जाडी लक्षात घ्या, कारण बाहेरची कड आणि आतली कड एका रेषेत नसतात. त्यावर विसंबून राहू नका, दुसरी खूणही घ्या. आतला पत्रा किंवा प्लाय लोखंडी नसेल तर चांगलं लोहचुंबक फिरवलं की पाइपावर ते ओढ दाखवतं. पत्र्याच्या भिंतीवर मुठीने ठोकत जा. मोकळ्या जागी पत्रा ढणढणतो, पाइपावर आवाज बसतो. शंका राहिली तर ट्रॅकखाली झाकली जाईल अशा जागी तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडून बघा. ड्रिलच्या टोकाला लोखंडाचा भुगा आला तर पाइप, नुसतं आत घुसलं तर पोकळी.

प्रत्येक पाइपाच्या दोन्ही कडा सापडल्या की मधली रेघ वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने मारा आणि त्यावर मास्किंग टेप लावा. पाइप अवघा ३८ किंवा ४० मिलिमीटर रुंद असतो. स्क्रू मधोमध पडला तरच धरतो. कडेला पडला तर पाइपाच्या बगलेवरून घसरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

वायरिंगही याच वेळी बघून घ्या. बाजूचे मार्कर दिवे, मागचे दिवे, आतला दिवा यांच्या वायरी बहुधा भिंतीच्या वरच्या किंवा खालच्या कडेने जातात, पण काही ठिकाणी उभ्या पाइपाच्या आतूनच वर नेलेल्या असतात. दिवा जिथे आहे त्या पाइपावर ड्रिल धरण्याआधी दिवा खोलून वायर कुठून येते ते पाहा.

थंड मालाच्या, पफ (गारवा धरणारा फोम) भरलेल्या बॉडीला हा लेख लावू नका. तिथे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आत जायची वाट, आणि भिजलेला पफ गारवा धरत नाही. अशा बॉडीत ट्रॅक हवा असेल तर तो बॉडी बांधतानाच पॅनेलमध्ये बसवून घ्यायचा.

उंची ठरवणं

तुम्ही काय वाहता त्यावर हे ठरतं. खाली खोकी आणि वर गाद्या असा संमिश्र घरसामानाचा माल असेल तर दोन ओळी पुरतात: खालची हौद्याच्या जमिनीपासून साधारण ४५० ते ५०० मिलिमीटरवर, वरची ११०० ते १२०० वर. खालची ओळ वॉशिंग मशीन, ट्रंका, खोक्यांचा पहिला थर धरते. वरची ओळ फ्रिज, कपाटं, उभ्या ठेवलेल्या गाद्या आणि पलंगाच्या फळ्या धरते. उभी, उंच वस्तू पडते ती वरून कलंडून, म्हणून पट्टा तिच्या निम्म्या उंचीच्या वर बसला पाहिजे. सव्वापाच-साडेपाच फुटी फ्रिजला बाराशेची ओळ बरोबर बसते.

एकच ओळ परवडत असेल तर ती मध्ये, ९०० च्या आसपास घ्या. चाकांवरचा फुगवटा हौद्यात आलेला असेल तर खालची ओळ त्याच्या वर चार बोटं मोकळी राहील अशी घ्या, नाहीतर हूक अडकवताना हात जाणार नाही.

जड, ठेंगण्या मालाचं मात्र वेगळं आहे. जनरेटर, कॉम्प्रेसर, लेथचे भाग, मोटरसायकल यांना भिंतीचा ट्रॅक मुख्य आधार म्हणून वापरू नका. त्यांना जमिनीतच ट्रॅक किंवा कड्या हव्यात, आणि त्याही खालच्या आडव्या चॅनलला बोल्टने आरपार बसवलेल्या. युरोपातल्या ईएन १२१९५-१ या मानकात माल बांधण्याचा हिशेब असा धरतात: ब्रेक लागला की वजनाच्या ०.८ पट जोर पुढे, वळणावर ०.५ पट बाजूला आणि गाडी उचल घेताना ०.५ पट मागे. ८० किलोच्या वॉशिंग मशीनला हा जोर पुढे ६४ किलो आणि बाजूला ४० किलो होतो. भिंतीचा ट्रॅक तो सहज घेतो. ३०० किलोच्या जनरेटरला तोच २४० किलो होतो, आणि तोही झटक्याने. पातळ पाइपाच्या भिंतीवर तो टाकण्यात शहाणपण नाही.

आखणी

दोन्ही टोकांना जमिनीपासून उंची मोजून खुणा करा आणि रंगाच्या दोरीने सरळ रेघ उमटवा. स्पिरिट लेव्हल लावत बसू नका. गाडी उभी असलेली जागा क्वचितच सपाट असते, आणि ओळ हौद्याच्या तळाला समांतर हवी, पृथ्वीला नव्हे. समोरच्या भिंतीवर तीच उंची घ्या. दोन बाजूंच्या ओळी वरखाली झाल्या तर मध्ये आडवा दांडा किंवा फळी टाकायची वेळ येते तेव्हा ती तिरकी बसते.

आता पट्टी भिंतीला धरून बघा. इथे जवळजवळ प्रत्येकाला एक अडचण येते: ट्रॅकची तयार भोकं आणि तुमचे पाइप जुळत नाहीत. मग लोक भोक जिथे आहे तिथे, म्हणजे पत्र्यात, स्क्रू मारून मोकळे होतात. तसं करायचं नाही. पाइपाची रेघ पट्टीवर जिथे येते तिथे, दोन खाचांच्या मधल्या सलग भागात वर एक आणि खाली एक नवीन भोक पाडा. रेघ नेमकी खाचेवर आली तर पट्टी थोडी पुढे-मागे सरकवा. तयार भोकं रिकामी राहिली तर राहू द्या.

पाइप एकमेकांपासून फारच दूर असतील, दोन-अडीच फुटांहून जास्त, तर ट्रॅकमागे आधी ५० बाय ६ मिलिमीटरची पोलादी पट्टी सगळ्या पाइपांना बोल्टने जोडून घ्या आणि तिच्यावर ट्रॅक बसवा. ही फ्लॅट पट्टी कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळते, किंवा एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेटर कापून देतो. वजन वाढतं, पण भार दोन-तीन पाइपांत वाटला जातो.

पट्टी कापायची असेल तर दोन खाचांच्या मध्ये, सलग जागी कापा, आणि कापलेलं टोक पाइपावरच संपेल असं मोजून कापा. लोंबतं टोक ठेवू नका. पट्टा नेमका त्या शेवटच्या खाचेत अडकवला जातो आणि टोक उलगडून येतं. कापलेली कड कानसीने घासून तिच्यावर झिंक प्रायमरचे दोन हात द्या.

वेल्डिंगचा मोह

फॅब्रिकेटरकडे गाडी नेली की तो पहिल्यांदा हेच म्हणेल, "टाके मारून देतो, अर्ध्या तासात काम." नको म्हणा. जस्तावर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, त्याचा धूर नाकात गेला तर संध्याकाळी ताप भरतो, आणि नेमक्या त्याच जागी गंज सुरू होतो. पाइपाची जाडी दीड-दोन मिलिमीटर, ट्रॅक पावणेतीन. पाइप जळून भोक पडायला वेळ लागत नाही. बाहेरच्या पत्र्याचा रंगही करपतो. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा संगणक नाजूक असतो. बॅटरी न काढता वेल्डिंग केलं तर त्याला धक्का बसू शकतो. आणि उद्या एखादी खाच वाकली तर बोल्टची पट्टी उतरवून नवी लावता येते, वेल्डिंगची ग्राइंडरने कापावी लागते.

भोकं आणि बोल्ट

चार मार्ग आहेत. पॉप रिव्हेट, स्वतः भोक पाडत जाणारे स्क्रू, रिव्हेट नट, आणि आरपार बोल्ट.

पॉप रिव्हेट पत्रे जोडायला ठीक, इथे नको. तो घसटण्याचा जोर घेतो, पण सरळ बाहेर ओढला तर सुटतो, आणि हौद्यात आडवा बांधलेला पट्टा भिंतीला सरळ आतच ओढत असतो. अॅल्युमिनियमचा रिव्हेट पोलादी ट्रॅकला तर अजिबात नको. खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू चिकटून राहिले की त्यातला अॅल्युमिनियम झिजतो. आणि झिजणारा तुकडा लहान, समोरचा मोठा असेल तर झीज फार जलद होते. दोन पावसाळ्यांत रिव्हेटचं डोकं पांढरी भुकटी होऊन गळून पडतं.

स्वतः भोक पाडणारे जाड स्क्रू जाड पाइपात चालतात. पाइप दीड मिलिमीटरचा असेल तर त्यात जेमतेम एक-दोन आटे बसतात. अशा पाइपाला माझी पसंती एम-८ च्या (८ मिलिमीटर बोल्टच्या) पोलादी रिव्हेट नटला आहे. त्याला पाइपात ११ मिलिमीटरचं भोक लागतं. खास अवजाराने दाबला की तो पाइपाच्या आत फुगून पकड घेतो, आणि मग त्यात बोल्ट आतूनच घट्ट करता येतो. बाहेरचा पत्रा अखंड राहतो, म्हणजे पाऊस आत येत नाही. भोक मात्र चपखल हवं. ते ढिलं झालं तर नट गरगर फिरत राहतो. मागे फ्लॅट पट्टी लावली असेल आणि बाहेरून बोल्टचं डोकं दिसलेलं चालत असेल, तर आरपार एम-८ बोल्ट, मोठा वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा) यासारखं मजबूत काही नाही.

क्रम असा ठेवा. एक माणूस पट्टी रेघेवर धरेल. दुसरा मधल्या पाइपावर सेंटर पंचाने खूण करून आधी चार मिलिमीटरचं भोक पाडेल. ड्रिल घसरू नये म्हणून पंच महत्त्वाचा. चकचकीत जस्तावर टोक पळतं. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे पाइपाची समोरची भिंत आणि बाहेरचा पत्रा वाचतो. मधला एक स्क्रू ढिला लावा, पट्टी पुन्हा रेघेवर आणा, मग दोन्ही टोकांना बारीक भोकं. तिन्ही जागा पक्क्या झाल्या की उरलेल्या पाइपांवर वर-खाली खुणा. आता पट्टी उतरवा, सगळी भोकं पूर्ण मापाची करा: ट्रॅकला साडेआठ किंवा नऊ, पाइपाला रिव्हेट नटसाठी अकरा. कडांवरची कूस कानसीने किंवा मोठ्या ड्रिलने काढा. उघड्या पडलेल्या धातूवर झिंक प्रायमर.

आणि भुगा झाडा. लोखंडाचा भुगा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा प्लायवर राहिला तर पहिल्या पावसात तांबडे डाग पडतात, मग ते ग्राहकाच्या गादीला लागतात. ब्रश नाही, व्हॅक्यूम वापरा. कोपऱ्यातला भुगा ब्रशने फक्त जागा बदलतो.

ट्रॅक पोलादी आणि भिंत अॅल्युमिनियमची असेल तर दोघांत पातळ निओप्रीन (रबरासारखी) पट्टी किंवा जाड प्लास्टिक टेप घाला. प्रत्येक भोकात आणि पट्टीच्या वरच्या कडेला पीयू सीलंट (फटी बुजवायचा, वाळून रबरासारखा होणारा लेप) भरा. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जाईल. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच वाळतो, त्यामुळे दमट हवामान त्याला अडवत नाही, पण ज्या पृष्ठभागाला तो लावायचा तो खडखडीत कोरडा हवा. म्हणून हे काम मे संपायच्या आत उरकलेलं बरं. जुलैत करायचं तर छताखाली गाडी लावून भिंत पुसून, वाळवून मगच.

बोल्ट मधून टोकांकडे घट्ट करत या. हातपान्याने, बेताने. इम्पॅक्ट गनने आवळला तर पातळ पाइप चेपतो, आणि चेपलेल्या पाइपावरचा बोल्ट वरवर घट्ट वाटला तरी पुढे सैल होतो. भिंतीत आतून प्लाय असेल तर तो दबतो, म्हणून दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा बघायचे आहेत हे आत्ताच दारावर खडूने लिहून ठेवा.

ट्रॅक भिंतीपासून अर्धा इंच पुढे येतो. कपाटाची कड त्याला घासते, खरवडते. वरच्या आणि खालच्या ओळींच्या मध्ये बारा मिलिमीटर प्लायच्या पट्ट्या लावून भिंत सपाट करून घेतली तर हा त्रास जातो. खर्च थोडा, पण फर्निचर वाहणाऱ्यांनी तो टाळू नये.

चाचणी

माल भरण्याआधी रिकाम्या गाडीत समोरासमोरच्या खाचांत रॅचेट पट्टा (दांडा हलवून ताणायचा पट्टा) आडवा अडकवा आणि हाताने जेवढा बसेल तेवढा ताणा. आता भिंत बघा. पत्रा आत ओढला जातोय का, बोल्टाभोवती खळगा पडतोय का, पाइप वाकतोय का? पाइपाजवळच्या खाचेत काहीच हलता कामा नये. दोन पाइपांच्या बरोबर मधल्या खाचेत थोडी लवचीक हालचाल दिसेल. ती पट्टा सोडल्यावर पूर्ण परत गेली पाहिजे. जिथे परत जात नाही त्या जागी मागे फ्लॅट पट्टी हवीच. ही तपासणी प्रत्येक पाइपाशी करा. नंतर बाहेरून रबरी नळीने पाणी मारून आत कुठे पाझरतंय का तेही बघून घ्या.

पट्टा कसा अडकवायचा

ट्रॅक चांगला बसवूनही पट्टा चुकीचा बांधला तर भिंतीवर अनेक पट भार येतो. नवीन माणूस हे हमखास चुकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा खोक्यांची थप्पी केबिनकडच्या भिंतीपासून हौद्याच्या निम्म्यापर्यंत आली आहे, आणि ती मागे सरकू नये म्हणून तुम्ही थप्पीच्या मागच्या तोंडावरून पट्टा डावीकडून उजवीकडे सरळ ताणला. गाडीने चढावर उचल घेतली की थप्पी पट्ट्याला मधोमध ढकलते. पट्टा जवळजवळ सरळ रेषेत आहे, म्हणून त्या ढकलीला थोपवायला त्याला प्रचंड ताण घ्यावा लागतो. पट्टा मध्ये फक्त १० अंशांनी झुकला असेल तर १०० किलोच्या ढकलीला प्रत्येक टोकाला सुमारे २९० किलोचा ताण येतो, आणि तो भिंतीला सरळ आत खेचतो. तोच पट्टा ३० अंशांनी झुकला तर ताण १०० किलोच.

म्हणून हूक थप्पीच्या तोंडाच्या रेषेत अडकवू नका. केबिनच्या दिशेने काही खाचा पुढे अडकवा, म्हणजे पट्टा भिंतीलगत मागे येतो आणि थप्पीला कोपऱ्यांवरून कवेत घेतो. यात एक व्यवहाराची अडचण आहे: थप्पी लागल्यावर ती पुढची खाच मालामागे झाकली जाते. उपाय सोपा. माल भरायच्या आधीच पट्टे खाचांत अडकवून भिंतीवर लोंबते ठेवायचे, आणि मग थप्पी लावायची. हमालांना ही सवय लागायला थोडे दिवस जातात. लागली की तेच पट्टे मागायला लागतात.

पट्टे पॉलिएस्टरचेच घ्या. युरोपीय मानकाच्या पट्ट्यावर निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर, तपकिरी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. लेबलवरचा एल.सी. हा आकडा, म्हणजे पट्ट्याची भारक्षमता, डेकान्यूटनमध्ये असतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. लेबल फाटलेला, कड कातरलेला, गाठ मारलेला पट्टा गाडीतून काढून टाका. फ्रिज आणि कपाटाच्या कडेला पट्ट्याखाली जाड पुठ्ठ्याचा कोपरा द्या, आणि रॅचेट एवढाही आवळू नका की फ्रिजचं दार चेपेल. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये काँक्रीटचं वजन असतं; तिचे वाहतुकीचे बोल्ट ग्राहकाने जपून ठेवले असतील तर मागून घ्या आणि आधी तेच लावा. पट्टा बाहेरचा डबा धरतो, आतला ड्रम नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. आतल्या भिंतीवरच्या ट्रॅकने गाडीची लांबी, रुंदी, उंची बदलत नाही. पण त्याच सपाट्यात कोणी बॉडी वाढवायची, छत उचलायचं सुचवलं तर ते वेगळं प्रकरण आहे. आरटीओकडे विचारल्याशिवाय हात लावू नका. गाडी नवी आणि बॉडी कंपनीकडून आलेली असेल तर भोकं पाडण्याआधी वॉरंटीची अट वाचा.

पुढची देखभाल

दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट तपासा, नंतर दर तीन महिन्यांनी आणि पावसाळा संपल्यावर एकदा. खाचांत साचलेली माती वायर ब्रशने काढा, नाहीतर हूक पूर्ण आत बसत नाही. अर्धवट बसलेलं हूक खड्ड्यात गाडी आदळली की निसटतं. बसलं की नाही हे बघायला अडकवल्यावर एकदा उलट दिशेने झटका द्या. हूकच्या स्प्रिंगवर थोडा कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यावर धूळ चिकटते आणि मालाला डाग पडतात. एखाद्या खाचेची कड वाकलेली दिसली तर हातोडीने सरळ करू नका. सरळ केलेली कड दिसते नीट, पण तिथलं पोलाद दमलेलं असतं. त्या खाचेवर लाल रंगाची फुली मारा आणि ती पट्टी बदलेपर्यंत तिच्यात कोणीही हूक अडकवणार नाही असं ड्रायव्हरला आणि हमालांना सांगून ठेवा.